जाळीपलीकडे निपाणी

बेळगावच्या शहापुरात आम्ही भाड्यानं राहायला गेलो, त्या पहिल्याच सकाळी खालून खणखणीत हाक ऐकू आली.

"संकेश्वर! ए संकेश्वर! गोकाक आला, खानापूर आलं, तू कुठं कडमडलास रं?"

मी वरच्या गॅलरीतून वाकून बघितलं. मागच्या अंगणात एक उंच, काटक बाई पदर खोचून उभी होती. हातात दूधभाकरीचं पातेलं आणि पायाशी शेपट्या उभारून फिरणारी मांजरं. शेवटी न्हाणीघराच्या पत्र्यावरून एक लठ्ठ पिवळा बोका आळस देत उतरला. "या साहेब," बाई म्हणाल्या आणि त्याच्यापुढं ताटली सरकवली. हाच संकेश्वर.

त्या आमच्या घरमालकीणबाई. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची, म्हणून आम्हीही. टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर होत्या. नंबर फिरवला की लगेच फोन लागत नव्हता त्या काळी कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डात वायरी खोचून ह्या गावाला त्या गावाशी जोडून द्यायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. मांजरांची नावं तिथूनच आलेली. गोकाक, खानापूर, संकेश्वर, निपाणी. सगळ्यात लहान मांजरीचं नाव गुंजी, कारण गुंजी म्हणजे खानापूरच्या पुढचं एवढंसं स्टेशन.

"आक्का, तुम्ही संकेश्वरला गेलाय का कधी?" मी एकदा विचारलं.

"कशाला? आवाज ओळखते की मी संकेश्वरचा. तिकडची माणसं 'हॅलो' म्हणायच्या आधी खाकरतात."

त्यांच्याशी गप्पा मारणं म्हणजे ट्रंक कॉलच. तीन मिनिटं झाली की त्या मधेच "झालं, ठेवते" म्हणून आत निघून जायच्या. तुमचं वाक्य अर्धं राहिलं तरी. माझ्या नवऱ्याला पहिले काही महिने ह्याचा राग यायचा. तो हुबळीला नोकरीला, रविवारी घरी यायचा, आणि भाडेकरारातल्या एखाद्या मुद्द्यावर बोलायला खाली गेला की "हां, पण आक्का, मी काय म्हणतो..." एवढ्यावर दार लागलेलं असायचं. आता आम्ही बेळगावात नाही. तरी मी रविवारी त्यांना फोन करते, आणि अजूनही "झालं, ठेवते" तिकडूनच येतं.

आक्कांनी लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "लाईन बिझी होती." हसायच्या मात्र नाहीत. त्यांना मी फार क्वचित हसताना बघितलं. कान विलक्षण तिखट. वर आमच्या मोरीतला नळ टपकत असला तर मला कळायच्या आधी खालून हाक यायची, "वरचा नळ बघ गं, पाणी चाललंय." बेळगावच्या उन्हाळ्यात ते खरंच महत्त्वाचं होतं. पाणी आठवड्यातून एकदा सुटायचं. आलं की आक्का पिंप, बादल्या, घागरी, रिकाम्या बरण्या, पितळेचं घंगाळ, सगळं भरून ठेवायच्या. मग मांजरं रांगेनं प्रत्येक भांड्याला तोंड लावायला बघायची आणि आक्का हातात झारा घेऊन त्यांच्या मागं फिरायच्या. झारा कधी कुणाला लागला नाही.

घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. पण मांजरांसाठी शनिवारी बाजारातून सुकट यायची. नाकाला पदर लावून, पिशवी अंगापासून हातभर लांब धरून आक्का गल्लीतून यायच्या तेव्हा समोरचे आप्पा कारखान्याच्या दारातून म्हणायचे, "काय आक्का, आज मासळीबाजार?"

"तुला नको असंल तर नाक दाब रं," आक्का चालता चालता म्हणायच्या. सुकट वाटून झाली की भर दुपारी पुन्हा आंघोळ. पाण्याची एवढी काटकसर करणारी बाई सुकटीच्या आंघोळीला मात्र हिशोब बघायची नाही.

हे आप्पा म्हणजे समोरच्या यंत्रमागांचे मालक. घराच्या पुढच्या भागात चार माग, मागच्या भागात कुटुंब. दिवसभर त्या मागांचा खडखडाट आमच्या भिंतींतून वाहायचा. सुरुवातीला वेड लागेल असं वाटलं, मग सवय झाली, इतकी की दुपारी वीज गेली आणि माग थांबले की उलट सईला जाग यायची. सई माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. आप्पांचं आणि आक्कांचं भांडण जुनं होतं. गोकाक नावाचा बोका त्यांच्या सुताच्या पोत्यात जाऊन झोपायचा. आप्पा तक्रार घेऊन आले की आक्का म्हणायच्या, "झोपतोय म्हणजे सूत मऊ हाय. बरं हाय की तुझ्या धंद्याला."

निपाणीबद्दल अजून सांगितलं नाही. ती सगळ्यांत म्हातारी. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, एका कानाला चीर पडलेली. आक्का निवृत्त झाल्या त्या सुमारास ऑफिसच्या जिन्याखाली सापडलेली. बाकीची मांजरं अंगणातली, ही घरातली. आक्का दुपारी तांदूळ निवडायला बसल्या की मांडीत निपाणी. निवडून झाले तरी आक्का उठायच्या नाहीत. तीन मिनिटांचा नियम निपाणीला लागू नव्हता.

उन्हाळ्यात त्या घरातला गारवा कुठं आहे ते मांजरांना विचारावं. सकाळी तुळशीमागं, मग माठाखालच्या ओल्या तरटावर, ऊन वर चढलं की माजघरातल्या शहाबादी फरशीवर, आणि संध्याकाळी आंब्याच्या अढीत, पेंढ्यात. सईची शाळा बंद आणि माझं कॉलेजातलं ऑफिस चालू, त्यामुळं ती दिवसभर आक्कांकडे असायची. मांजरांबरोबर तीही सरकत सरकत घरभर फिरायची. मी संध्याकाळी परत आले की तिच्या फ्रॉकला पेंढा चिकटलेला असायचा.

त्या मे महिन्यात एक परका बोका अंगणात यायला लागला. राखी रंगाचा, मोठ्या डोक्याचा. मांजर परकं असलं की माणूस दिसताच पळतं. हा पळायचा नाही. तिरपा चालायचा, भिंतीला घासत. तोंडातून लाळेची तार लोंबायची. एका शुक्रवारी तो आला तेव्हा निपाणी नळाखालच्या दगडावर पडली होती. तिनं काही केलं नसताना त्यानं सरळ तिच्यावर झेप घेतली. आक्कांनी भरलेली बादली त्याच्यावर ओतली तेव्हा कुठं तो सुटला.

"ह्याचं काय खरं न्हाय," त्या दिवशी संध्याकाळी आक्का मला म्हणाल्या. "आवाज बघितलास का त्याचा? घशातनं येत न्हाय, कुठनंतरी लांबनं येतोय. पोरीला अंगणात सोडू नको."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी दुपारीच घरी आले. स्कूटर लावतेय तोवर सईची किंकाळी ऐकू आली. धावले तर ती जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, आणि तो राखी बोका तिच्या पोटरीला दातांनी लटकलेला. मी ओरडत होते, पण पाय हलत नव्हते. आक्का माझ्या बाजूनं गेल्या. त्यांनी वाकून उघड्या हातानं बोक्याची मान धरली, पिळली, ओढली आणि जिन्याखालच्या लाकडं ठेवायच्या खोलीत त्याला फेकून दार लावलं. आतून दारावर धपाधप आवाज यायला लागले.

"साबण आण," त्या मला म्हणाल्या.

"आक्का, रक्त..."

"साबण आण म्हणालेय न्हवं?"

नळाला पाणी नव्हतं. आक्कांनी पिण्याच्या पाण्याची कळशी ओढली. सईचा पाय धरून, साबण लावून, त्या धार सोडत राहिल्या. एक कळशी संपली, दुसरी घेतली. मला वाटलं आता पुरे. त्यांनी हात झिडकारला. "अजून. रडू दे तिला, रडून काय होत न्हाय." घंगाळ रिकामं झालं तेव्हा त्या थांबल्या. "आता रिक्षा बोलीव आणि सरकारी दवाखान्यात जा. हळद लावू नको, पट्टी बांधू नको. कुणी काय सांगितलं तर ऐकू नको. अजून हितंच हाईस?"

त्यांचा उजवा हात पदरात गुंडाळलेला होता. मी बघितलं, पण माझं लक्ष सईकडं होतं. ओल्या हाताला पदर पुसतात तसंच वाटलं.

दवाखान्यात सईच्या जखमेतच सुई घातली. चार जणांनी तिला धरलं होतं. मी तिचं डोकं छातीशी घट्ट दाबून उभी होते आणि तिचा आवाज माझ्या हाडांतून जात होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, जखम चांगली धुतलीत, पुढची इंजेक्शनं चुकवू नका, काही होणार नाही. आणि मांजर सापडलं असेल तर आठ-दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. जगलं तर प्रश्नच मिटला.

"मी ठेवते लक्ष," घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आक्का म्हणाल्या. लाकडाच्या खोलीच्या दाराला वर झडप होती. तिच्यातून त्या दिवसातून अनेकदा बघायच्या, दोरीला बांधून पाण्याची वाटी सोडायच्या. आतून येणारा आवाज माणसाला ऐकवत नव्हता. मग तो बसका झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर आक्का दारापाशी उभ्या होत्या आणि आतून काही येत नव्हतं.

"गेला," त्या म्हणाल्या.

जनावरांचे डॉक्टर आले, हातमोजे घालून बोक्याला पिशवीत घालून घेऊन गेले. तपासणीला पाठवतो म्हणाले, पण लक्षणं बघता पिसाळलेलाच असणार. ही गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत पोचली.

माझ्या मनाचं काय झालं ते सांगते. डॉक्टरांनी दिलेला धीर मला पाठ होता. तरी सई पाणी प्यायला लागली की माझे डोळे तिच्या गळ्यावर. घोट जातोय का. ती दचकली का. आईचं हे बघणं तिच्या लक्षात आलं आणि ती माझ्याकडं पाठ करून पाणी प्यायला लागली. ते तर अजून वाईट. रविवारी नवरा आला तेव्हा मी त्याला म्हणाले, आपण हे घर सोडू. आक्कांशी मी दोन दिवस बोलले नव्हते. त्यांची चूक काय होती ते मला सांगता आलं नसतं, पण त्या मांजरांची मला चीड आली होती.

संध्याकाळी गल्ली दारात आली. सात-आठ माणसं, पुढं आप्पा, त्यांच्या कारखान्यातल्या दोघांच्या हातात रिकामी पोती. मी जिन्यात उभी होते.

"आक्का, वाईट वाटून घेऊ नका," आप्पा म्हणाले. "पण आता ही मांजरं हितं नकोत. लांब रानात सोडून येतो."

"कुठली मांजरं?"

"सगळी."

"त्यांनी काय केलंय?"

"अजून न्हाय केलं. करायची वाट बघायची का? गल्लीत बारकी पोरं हाईत. त्या बोक्यानं कुणाकुणाला चावलंय ते तुम्हाला तरी म्हाईत हाय का?"

"म्हाईत हाय," आक्का म्हणाल्या. "निपाणीला चावलंय. तिला मी त्याच दिवशी मागच्या चुलीच्या खोलीत एकटी ठेवलीय. बाकीच्यांच्या अंगाला ओरखडाबी न्हाय, एकेकाला धरून बघितलंय मी. पोरीला चावलंय, तिला इंजेक्शन चालू हाय." त्या थांबल्या. मग उजवा हात पदरातून बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर धरला. अंगठ्याच्या मुळाशी दोन खोल भोकं, भोवती हात सुजून टम्म, काळानिळा. "आणि मला. आता घाला पोत्यात. आधी मला घाला, मग निपाणीला."

पोतं धरलेला माणूस आप्पांकडं बघत होता आणि आप्पा त्या हाताकडं.

मी जिना कशी उतरले मला आठवत नाही. "आक्का, तीन दिवस? तीन दिवस तुम्ही तशाच?"

"मी दवाखान्यात गेले असते तर ही पोती तीन दिवस आधी आली असती."

"आणि तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"पोरगीचं झालं की न्हाय वेळेवर? मग?"

मी त्यांचा दुसरा हात धरून त्यांना ओढतच बाहेर आणलं आणि स्कूटरवर बसवलं. मागून आप्पा ओरडले, "हळू जावा!" दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आक्कांना कन्नडमधून असं काही झापलं की मला तिथं उभं राहवेना. एवढं शिकलेली बाई, सरकारी नोकरी केलेली, आणि हे? आक्का शांतपणे ऐकून घेत होत्या. मग कन्नडमधूनच म्हणाल्या, झालं बोलून? टोचा आता.

परत येताना त्यांनी रसवंतीपाशी गाडी थांबवायला लावली. उसाच्या रसाचा मोठा ग्लास घेतला, माझ्याकडं बघत सावकाश संपवला आणि रिकामा ग्लास खाली ठेवत म्हणाल्या, "बघ, गिळतंय." मी रडायला लागले. त्या समोरच्या चरकाकडं बघत बसून राहिल्या. माझं रडणं संपेपर्यंत "ठेवते" म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गल्लीशी अटी ठरल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी सगळ्या मांजरांना लस दिली. निपाणीला मारून टाकणं सगळ्यात सुरक्षित, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नाहीतर काही महिने पूर्ण बंद, एकटी, आणि कुणीही शिवायचं नाही.

"कुणीही न्हाय," आक्का म्हणाल्या. "मीबी न्हाय. शब्द देते." हे त्या डॉक्टरांना नाही, दारात उभ्या आप्पांना आणि मला म्हणाल्या. सई माझ्या कडेवर होती.

चुलीच्या खोलीला जाळीचं दार आप्पांनी स्वतः बसवलं. आक्कांनी सुतार बोलवायचा म्हटलं तर म्हणाले, "न्हाय, मी बघतो. कुठं फट ऱ्हायली तर मला झोप लागायची न्हाय." जाळीला खिळे मारता मारता त्यांनी मला सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी कुत्रं चावून गेला. घरच्यांनी गावठी औषध दिलं होतं. जखम भरली, सगळे विसरले, आणि पुढं बऱ्याच दिवसांनी एका सकाळी त्यानं पाण्याचा तांब्या फेकून दिला. "खाटंला बांधला होता त्याला," आप्पा म्हणाले. "आई पाणी पाजायला गेली की ओरडायचा. आम्हाला वाटायचं, आईला ओरडतोय." त्यांनी शेवटचा खिळा गरजेपेक्षा जास्त जोरात मारला. कडी बाहेरून लावली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली.

मग त्या उन्हाळ्यात घराचं तोंडच फिरलं. आधी सगळे गारव्यामागं सरकायचे, आता सगळे जाळीसमोर. आक्कांनी खुर्ची तिथंच आणली. तांदूळ निवडणं, पेपर वाचणं, शेंगा फोडणं, सगळं तिथं. चुलीची खोली म्हणजे वर पत्रा, दुपारी भट्टी. आक्का जुन्या सुती साड्या भिजवून पत्र्यावर आणि जाळीवर टाकायच्या. पाणी कमी पडायला लागलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या आंघोळीचं पाणी घंगाळात धरून त्यात साड्या भिजवल्या. ताटली काठीनं सरकवायची, काठीनंच ओढायची. गोकाक आणि गुंजी जाळीजवळ आले की झारा दाखवून हाकलायचं.

निपाणीला यातलं काय कळणार? पहिले काही दिवस ती ओरडली. मग जाळीला अंग घासत बसायला लागली. आक्का खुर्चीत बसल्या की ती जाळीतून पंजा बाहेर काढायची, नखं आत घेऊन, हवेत नुसता धरायची. आक्कांचे हात आपोआप पुढं यायचे. म्हणून त्या हात मांडीखाली दाबून बसायला लागल्या. मी ऑफिसातून आले की हे दृश्य. म्हातारी बाई स्वतःच्या हातांवर बसलेली, समोर जाळीतून आलेला पंजा, आणि थोडं लांब फरशीवर सई मोठ्यानं गोष्टीचं पुस्तक वाचतेय. निपाणीला ऐकू जावं म्हणून.

सईची इंजेक्शनं संपली. आक्कांचीही संपली. त्यांच्या हाताची सूज उतरली, पण अंगठा पूर्वीसारखा वळत नव्हता. भाकरी थापताना एका बाजूला जाड व्हायची. भीतीबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. मात्र रोज सकाळी माठापाशी उभ्या राहून त्या एक तांब्या पाणी सलग प्यायच्या, आणि ते पिऊन होईपर्यंत समोर कारखान्याच्या दारात आप्पा उभे असायचे. दोघं एकमेकांकडं बघायचे नाहीत. तांब्या खाली ठेवला की आप्पा आत जायचे आणि माग सुरू व्हायचे.

जून लागला तरी ऊन हटत नव्हतं. एका सकाळी निपाणीनं ताटलीला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली. हाक मारली तर मान वळवायची नाही. मी सईला खाली जायची बंदी केली. आप्पा दिवसातून दहा वेळा येऊन जाळीची कडी बघून जायचे. घरात कुणी मोठ्यानं बोलेना.

डॉक्टर आले. जाड हातमोजे चढवून आत गेले, बराच वेळ होते. बाहेर येऊन हातमोजे काढत म्हणाले, "हिरड्या पांढऱ्या पडल्यात. म्हातारी आहे, मूत्रपिंडं गेली असावीत. ह्या उन्हात पुष्कळ मांजरं जातात अशी. पण मी छातीठोक सांगू शकत नाही. ती गेल्यावर तपासणी केली तरच कळेल." मग जरा थांबून, "इंजेक्शन देऊन सोडवू का?"

"पाणी पिती अजून," आक्का म्हणाल्या. "आज ऱ्हाऊ दे."

नंतर तपासणी झाली, आणि निपाणीला तो रोग कधी झालाच नव्हता. पण ते नंतर. त्या दुपारी आमच्यातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं.

डॉक्टर गेले. आक्का खुर्चीत बसल्या. निपाणी सरकत सरकत जाळीपाशी आली. चालताना तिचे मागचे पाय मागं राहात होते. मला धडकीच भरली. ते अशक्तपणानं होतं की आणखी कशानं, कोण सांगणार? तिनं पंजा जाळीतून काढायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग जाळीला नाक टेकवून ती तशीच आडवी झाली. पोट भराभर वरखाली होत होतं.

आक्कांचे हात मांडीखाली. बोटांची पेरं खुर्चीच्या कडेला पांढरी पडलेली.

आप्पा मागं येऊन उभे होते. किती वेळ, मला कळलं नाही. समोर कारखान्यात माग खडखडत होते. शेवटी तेच बोलले.

"आक्का, जावा आत."

आक्कांनी मान हलवली. "शब्द दिलाय."

"मला दिलाय न्हवं? मी सोडला."

"तुला एकट्याला न्हाय दिला."

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, पण मला समजलं. वर खिडकीत सई उभी होती, गजांना गाल टेकवून. तिच्या पोटरीवरचे व्रण मला इथूनही दिसत असल्यासारखे वाटले. आक्कांनी सगळी इंजेक्शनं घेतली होती, हे मला माहीत होतं. आप्पांचा भाऊही मला माहीत होता. माझी भीती गेली नव्हती. तशीच मी पुढं गेले आणि जाळीची कडी काढली.

"फक्त हात धुवा नंतर," मी म्हणाले.

आक्का उठल्या. दार उघडून आत गेल्या आणि मागं ओढून घेतलं. गुडघे धरून हळूहळू जमिनीवर बसल्या. निपाणीनं डोकं उचलायचा प्रयत्न केला. आक्कांनी तिला दोन्ही हातांनी उचललं, मांडीत घेतलं, आणि तिच्या फाटक्या कानामागं अंगठा फिरवत राहिल्या.

आप्पांनी भिंतीकडं तोंड केलं होतं. "जित्ती हाय?" त्यांनी तसंच विचारलं.

"घुरघुरती," आक्का म्हणाल्या.

"मागांच्या आवाजात ऐकू येतंय तुम्हाला?"

"हाताला कळतंय की."

आप्पा अंगण ओलांडून गेले. थोड्या वेळानं एक माग थांबला, मग दुसरा, मग उरलेले दोन्ही. गल्लीभर एकदम शांत झालं. त्या शांततेत मी जाळीबाहेर उभी होते, आणि मलाही ऐकू आलं.